कापरी पाल्याचं पाणी

"आटला का?" सरांनी दारातूनच विचारलं.

मी दचकले, पदर सारखा केला, आणि मग लक्षात आलं की ते अर्काबद्दल विचारतायत.

"आटतोय," मी म्हणाले. "अजून वाटीभर आहे."

"घाई नको. मंद ठेवा. करपला तर पुन्हा पहिल्यापासून."

घरी सकाळपासून हाच शब्द ऐकून मी बाहेर पडले होते. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. तर आत्याबाई भल्या पहाटेच माझ्याकडे बघून म्हणाल्या होत्या, "आटलं गं बाई, पार आटलं." त्या बोलत होत्या माझ्या अंगावरच्या दुधाबद्दल. आणि इथं केळुसकर सर काचेच्या भांड्यातल्या अर्काबद्दल. एकाच क्रियापदानं दोन्हीकडून माझा पिच्छा पुरवला होता.

ही शहाऐंशी सालची गोष्ट. घाटाखालचं आमचं तालुक्याचं गाव, तिथलं कॉलेज आणि त्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राची एक लांबट खोली. मी तिथं केळुसकर सरांच्या हाताखाली संशोधन करत होते. विषय होता सेज. शाळांच्या बागेत लाल तुऱ्यांचं साल्विया असतं ना, त्याची ही विलायती चुलत बहीण. हिची पानं राखाडी-हिरवी, लवदार, चुरगळली की कापरासारखा वास येणारी. आत्याबाईंनी माझ्या साडीला येणाऱ्या वासावरून तिचं बारसं करून टाकलं होतं, "तुझा त्यो कापरी पाला."

हा पाला आम्ही गोल भांड्यात पाण्यात घालून शिजवायचो. वाफ थंड नळीतून उतरली की पाण्यावर फिकट पिवळ्या तेलाचा तवंग जमायचा. गोणीभर पाल्याचं तेल औषधाच्या छोट्या बाटलीतही तळाशीच राहायचं. मग बशीत जंतू वाढवायचे, घसा धरणारे, जखमेत पू करणारे. ते सायीसारखे पसरले की मध्ये तेलात भिजवलेली कागदाची टिकली ठेवायची. दुसऱ्या दिवशी टिकलीभोवती स्वच्छ कडं दिसलं, तर तेवढ्या जागेत जंतू वाढले नाहीत असं समजायचं. त्या कड्याची रुंदी मोजायची. पानांचा अर्क आटवून त्याचीही अशीच परीक्षा घ्यायची. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ते कडं पहिल्यांदा उमटलं तेव्हा मी त्या खोलीत एकटीच टाळ्या वाजवल्या होत्या.

तेल पोटात घ्यायचं नाही, ते विषारी ठरू शकतं, अशी सरांची सक्त ताकीद होती. बाटलीवर त्यांनी लाल शाईनं फुलीच मारून ठेवली होती. पण तेल निघून गेल्यावर मागं उरलेलं ते तपकिरी पाणी? सर मालवणकडचे, नारळाची शेंडीसुद्धा वाया न घालवणाऱ्या मुलखातले.

"एवढा पाला पंचगणीहून आणायचा आणि पाणी मोरीत ओतायचं?" ते म्हणायचे. "शोभतं का आपल्याला?"

म्हणून त्या पाण्यात गूळ आणि आलं घालून त्याचा काढा व्हायचा. वर्गात ओरडून शिकवल्यानं सरांचा घसा कायमचा बसलेला, आणि माझा बाळंतपणानंतर धरलेला. घशाच्या जंतूंवर पाल्याची मात्रा चालते हे तर आम्ही रोज डोळ्यांनी बघत होतो. मग काय विचारता! सकाळी एक पेला, दुपारी एक पेला. मला त्याची चटकच लागली. घसा खरोखर सुधारला. त्या काळात माझ्या आयुष्यात सुधारलेली तेवढी एकच गोष्ट होती.

कारण घरी ठमी उपाशी होती.

ठमी म्हणजे माझी मुलगी. बारशातलं नाव भारदस्त होतं, पण ते तिला पेलेपर्यंत ती ठमीच. जन्मली तेव्हाच हातभर. सुरुवातीला दूध भरपूर होतं. ती तिसऱ्या महिन्यात असताना मी कॉलेजला परत जायला लागले आणि हळूहळू ते कमी होत गेलं. घर कॉलेजपासून हाकेच्या अंतरावर. दुपारी मी धावत घरी यायचे, तर आत्याबाई उंबऱ्यातच उभ्या.

"बस खाली. आधी ही खीर खा."

"आत्याबाई, सकाळीच खाल्ली की अळिवाची खीर."

"सकाळचं सकाळी. लेकरू काय एकदाच पितं व्हय?"

अळीव, शतावरी, मेथी, खसखस, लसणीची चटणी, बाजरीची भाकरी. मी खाऊन खाऊन गोल झाले. ठमी मात्र होती तेवढीच. ती अंगाला लागायची, चार-दोन घोट ओढायची, मग तोंड सोडून देऊन लालभडक व्हायची आणि रडायची. दमून झोपायची आणि भुकेनं पुन्हा उठायची. गाईचं दूध पातळ करून दिलं, ओकून टाकलं. डब्याचं आणलं, तेही ओकलं. मला माझीच लाज वाटायची. माझ्या अंगानं माझ्याशी दगाबाजी केली आणि त्याची शिक्षा तिला, असं वाटायचं.

आत्याबाई मी पाजताना समोर बसून राहायच्या. हलायच्या नाहीत, दुसरं काही करायच्या नाहीत, नुसत्या डोळ्यांत तेल घालून बघत बसायच्या.

एकदा माझं डोकं फिरलं. "तुम्ही अशा बघत बसलात तर असलेलं दूधही आत पळेल!"

"बघू नको तर काय करू?" त्याही उसळल्या. "लेकरू जितंजागतं मांडीवर हाय आन् दूध न्हाय. ह्येला काय म्हणायचं?"

"माझा काय दोष त्यात?"

"दोष कोण देतंय? दूध दे म्हणते मी. दोष ठेव बाजूला."

त्यांनी मीठमोहऱ्यांनी माझी दृष्ट काढली. मला बाधतो तो घाटावरचा वारा, हेही ठरवून टाकलं, कारण मी पाला आणायला पंचगणीला जायचे. उभ्यानं काम केल्यानं दूध पायात उतरतं, हेही एकदा ऐकवलं. मी त्यांना शरीरशास्त्र समजावून सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि खिरीची वाटी पुढं केली. शिवाय माझं दूध उतरावं म्हणून त्यांनी देवीपुढं बोलून दिवसातून एकदाच जेवायचं धरलं. या वयात! मी भांडले. "त्यो माझा आन् देवीचा येव्हार हाय," त्या म्हणाल्या आणि विषय संपवला.

गुजर डॉक्टरीणबाईंनी ठमीला तराजूत ठेवलं आणि काटा जागचा हलला नाही हे मला त्यांच्या चेहऱ्यावरच दिसलं.

"अंगावरच्या दुधासारखं दुसरं काही नाही, आणि वरचं तिला पचत नाही," त्या म्हणाल्या. "अजून थोडे दिवस बघू. नाहीतर साताऱ्याला दाखल करावं लागेल. तुम्ही ताण घेऊ नका."

ताण घेऊ नका म्हणणाऱ्या डॉक्टरांचं वजन कोण करतं, हे मला आजही जाणून घ्यायचं आहे.

माझे यजमान, विलास, साखर कारखान्यावर होते. रविवारी आले. काम सोडावं का, असं मी विचारलं तर म्हणाले, "तू ठरव." असं म्हणणारा माणूस मदत करत नसतो, हे त्यांना मी पुढं बऱ्याचदा सांगितलंय. पण ठरवलं मीच. कॉलेज सुरू झालं आणि दूध कमी झालं. दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या म्हणजे एकीमुळं दुसरी घडली असं नसतं, हे मीच प्रयोगाच्या तासाला मुलांना शिकवायचे. पण मूल मांडीवर रडत असताना असले नियम कोण पाळतं?

"सर, मी काम सोडतेय," दुसऱ्या दिवशी मी सांगितलं. "ठरल्याप्रमाणे पंचगणीहून पाला आणून देते, तेवढं शेवटचं."

सरांनी चष्मा काढून पुसला. माझं संशोधन अर्ध्यावर होतं, दुसरं कोणी ते करणार नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं.

"काम थांबलं तर थांबू दे, जगदाळेबाई," ते म्हणाले. "मूल थांबत नसतं. जा तुम्ही."

मग आपुलकीनं मला काढ्याचा पेला दिला. मी तो प्याले.

पाला आम्हाला मिळायचा खोर्शेदबाईंकडून. पंचगणीला सिल्व्हर ओकच्या झाडांखाली त्यांचं पत्र्याचं बैठं घर होतं. मोठ्या इस्पितळात मेट्रन म्हणून जन्म काढलेल्या, लग्न न केलेल्या पारशी बाई. घरामागं त्यांनी सेजचे वाफेच्या वाफे लावले होते. हे बी कधीकाळी एका इंग्लिश सिस्टरनं दिलेलं. कोंबडीत भरायला त्यांना वर्षाकाठी मूठभर पाला लागायचा, बाकी सगळा आमचा.

त्या दिवशी मी गेले तेव्हा त्यांनी पाला कापून गोणीत भरूनच ठेवला होता.

"आव, आव, हेमलता. बेबीला का नाय आणला? बस, चाय करते."

"चहा नको, खोर्शेदबाई. चहा बंद केलाय मी."

"पंचगणीची थंडी, आन् चाय नको?"

"तुमच्या पाल्याचंच पाणी पिते मी. सर करतात. दिवसातून दोनदा तरी होतंच. घसा बघा कसा मोकळा झालाय."

खोर्शेदबाई किटली हातात घेऊन वळल्या. "कोण पिते?"

"मी."

"रोज?"

"रोज."

"आन् बेबी?"

"छे, बेबीला नाही देत!"

"ते नाय विचारते मी. बेबीला तू आपलं दूध देते का नाय?"

"देते," मी म्हणाले. "म्हणजे, देत होते. आटलं."

त्यांनी किटली खाली ठेवली. कपाळावर हात मारून घेतला आणि स्वतःशीच गुजरातीत काहीतरी पुटपुटल्या. मग माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या.

"दीकरी, आम्ही इस्पितळात सेजची चाय कोणाला देत होते, ठाऊक? ज्या बाईची बेबी मरून जाय, तिला. बेबी नाय, पण दूध तर येते. छाती दगड होऊन जाते, ताप भरते. मोठ्या सिस्टरनं शिकवला होता. दिवसात दोन-तीन कप द्या, दूध सुकून जाते."

मी शेजारच्या गोणीकडे बघितलं.

"खरंच सुकायचं?"

"कोणाचं सुके. कोणाचं नाय पण सुके. आपोआप पण सुकते ना, टाइम झाला की. मी काय तुझ्यासारखी सायन्सवाली नाय. पण तू बंद कर. आजच बंद कर."

परतीच्या एसटीत मी गोणी मांडीवर घेऊन बसले. सगळ्या गाडीत वास सुटला. "बाई, कापूर नेताय का आरतीला?" कंडक्टरनं विचारलं. मला धड हसूही येईना आणि रडूही येईना. ज्या पाल्याचे गुण मी कागदावर मांडत होते, त्याचा हा गुण माझ्याच अंगावर उमटत होता आणि मी बशीतली कडी मोजत बसले होते. आधी सरांचा राग आला, मग त्यांच्या त्या न सांडण्याच्या, न टाकण्याच्या मुलखाचा, मग स्वतःचा. आणि या सगळ्याच्या तळाशी एक हलकी, लबाड आशा होती. कारण कळलं असेल तर उपायही असेल. आणि मग काम सोडायलाही नको.

आत्याबाईंना सांगायची तशी काही गरज नव्हती. पाणी गुपचूप बंद केलं असतं तरी चाललं असतं. सांगितलं तर आत्याबाई त्या पाल्याला घराच्या आसपास फिरकू देणार नाहीत, आणि मलाही कॉलेजच्या आसपास, अशी मला खात्रीच होती. पण घरी आले तर त्या उपाशीपोटी मेथी निवडत बसल्या होत्या, माझ्यासाठी. ठमी शेजारी गोधडीवर झोपली होती. ते बघून माझ्याच्यानं गप्प राहवेना.

"आत्याबाई, दूध कशानं आटलं ते कळलं बहुतेक."

"कशानं?"

मी सगळं सांगितलं. काढा, घसा, खोर्शेदबाई, इस्पितळ. त्या मेथीची पानं खुडत ऐकत होत्या. मी इस्पितळापाशी आले तेव्हा त्यांचे हात थांबले.

"दूध आटवायचं औषिद?"

"हो."

"कुणाला द्यायच्या म्हणलीस?"

"ज्यांचं मूल गेलं असेल, त्या बायांना. दूध येत राहतं ना, त्याचा त्रास होतो म्हणून."

मला वाटलं, आता माझी खरडपट्टी निघणार. मी मनातल्या मनात उत्तरंही जुळवायला लागले.

"विलासच्या आधी एक झाला व्हता मला," त्या म्हणाल्या.

हे मला माहीत नव्हतं. पुढं कळलं, विलासनाही माहीत नव्हतं.

"पाचवी पुजली आन् गेला. सकाळी पिऊन झोपला, त्यो उठलाच न्हाय. मानूस गेलं तर घरातल्यांना समजतं. दुधाला कुठलं समजायला? येळ झाली की यायचंच. शेजारी कुणाचं पोर रडलं तरी माझी चोळी भिजायची."

"मग?"

"मग काय! बायका गोळा झाल्या. लुगड्याचं पटकूर फाडलं आन् छाती करकचून आवळली. आत मोगऱ्याच्या कळ्या घातल्या, त्यानं आटतं म्हणं. धरायला चौघी-पाचजणी. मी वरडतीया, सोडा गं, सोडा. त्यास्नी वाटलं, दुखतंय म्हणून वरडतीया."

"दुखत असणारच हो."

"दुखत व्हतं की. पर मी त्याच्यासाठी न्हवते वरडत." त्यांनी मेथीची एक काडी उचलली आणि तशीच परत ठेवली. "त्याचं माझ्यापाशी तेवढंच ऱ्हायलं व्हतं, हेमा. त्ये बी त्यांनी आटवलं. एकीनं मला इचारलं न्हाय."

मी त्यांचा हात धरला. आम्ही दोघी एरवी एकमेकींचे हात धरणाऱ्यातल्या नव्हतो. पाजताना त्या समोर बसून का बघायच्या, हे मला तेव्हा कळलं, आणि आपण त्यांना काय बोललो होतो तेही आठवलं.

ठमी उठून कुरकुरायला लागली. आत्याबाईंनी हात सोडवून घेतला, तिला उचलून माझ्या मांडीवर दिलं.

"घे पदराखाली. दूध असू दे नसू दे, ओढू दे तिला."

"आणि कॉलेज?"

"कालिजानं काय घोडं मारलंय? जा की. पानी तेवढं पिऊ नको."

"तुमचा उपास तरी सोडा आता."

"एकदा सांगितलं न्हवं, त्यो माझा हाय म्हणून!"

दुसऱ्या दिवशी मी सरांना सांगितलं. ते उठून खिडकीपाशी गेले. इतके खजील झालेले सर मी कधी पाहिले नव्हते.

"एका बाईच्या बाबतीत घडलेल्या गोष्टीला आपण पुरावा म्हणत नाही," ते क्षीण आवाजात म्हणाले.

"मी पुरावा म्हणतच नाही, सर. मी पिणार नाही, एवढंच म्हणतेय."

"मग मीसुद्धा बंद करतो."

"तुमचं काय आटणार आहे, सर?"

ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यानंतर ते पाणी मोरीत जायला लागलं. ते ओतताना सरांचा जीव मात्र तुटायचा, ते चेहऱ्यावरून कळायचं.

दूध काही चमत्कारासारखं परत आलं नाही. आत्याबाई ठमीला घटकेघटकेला माझ्या अंगाला लावायच्या. मला कॉलेजात ती दुपारची आणि संध्याकाळची आणूनही द्यायला लागल्या, डोक्यावरून पदर घेऊन, प्रयोगशाळेच्या दारात. चार घोटांचे आठ झाले. मग एका सुट्टीच्या दुपारी घरी ठमी एका बाजूला पीत असताना दुसरी बाजू आपोआप पाझरायला लागली आणि माझी साडी भिजली. आत्याबाईंनी ते बघितलं. त्या उठून आत गेल्या आणि भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला. त्या दिवशी त्या रात्रीही जेवल्या.

हे सगळं सेज बंद केल्यानं झालं, की सारखं पाजल्यानं, की अळिवानं, की देवीनं, की माझ्या डोक्यावरचं ओझं उतरल्यानं, हे मी आजही सांगू शकत नाही. इतकी वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवूनही नाही. ठमी आता चांगली धिप्पाड आहे, बँकेत साहेबीण आहे आणि दुधाचा पेला बघितला की नाक मुरडते.

पण मला खरं सांगायचं आहे ते पुढच्या हिवाळ्यातलं.

आमच्या मागच्या आळीत गजराकाकी कासारीण राहायच्या. त्यांच्या सुनेचं, शैलाचं, पहिलं बाळंतपण झालं आणि मूल दोन दिवसांत गेलं. विशीतली पोर. त्यानंतर काकी आमच्या दारात आल्या.

"छाती दगडावानी झालीया तिची," त्या आत्याबाईंना म्हणाल्या. "डाक्टरनं तापाची गोळी दिली. तुमच्या सुनंच्या कालिजात कसलंसं आटवायचं पानी मिळतंय म्हणं? द्या की थोडं."

आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं.

"देता येईल," मी म्हणाले, "पण काकी, त्यानं नक्की आटेलच असं सांगता येत नाही. मोठी तपासणी झालेली नाही त्याची."

"कर तू," आत्याबाई म्हणाल्या. "मी बी येते."

मी घरीच पाला उकळला, गाळला, गूळ घातला आणि आम्ही दोघी गेलो. पुढच्या खोलीत बांगड्यांचे चुडे टांगलेले, त्याच्या मागं अंधारी खोली. शैला भिंतीकडे तोंड करून पडली होती. उशाशी जुन्या लुगड्याची एक लांब पट्टी घडी घालून ठेवली होती.

"उठ गं," काकी म्हणाल्या. वाईट बाई नव्हत्या त्या, सुनेसाठी त्यांचा जीव तळमळत होता. "पी हे. एकदाचं आटलं की सुटशील."

मी पेला पुढं केला. आत्याबाईंनी तो माझ्या हातातून काढून घेतला.

"तिला इचारलं का?"

"आता त्यात काय इचारायचं, आक्का?"

आत्याबाई गुडघ्यांवर हात टेकत खाली बसल्या, शैलाच्या अगदी जवळ.

"बाय," त्या म्हणाल्या, "हे पानी पिलं तर दूध आटंल, कदाचित. न्हाय पिलं तरी आटंल, येळानं. दुखतंय त्ये मी हलकं करून देते, शेकून थोडं पिळून काढलं की बरं वाटतंय. त्याला ह्ये पानी लागत न्हाय. तुला ह्ये आज पायजे का?"

शैला वळली नाही. काकी काहीतरी बोलायला गेल्या, तर आत्याबाईंनी मागं न बघताच हात वर केला.

"आज नको," शैला भिंतीकडे बघत म्हणाली.

"बरं," आत्याबाई म्हणाल्या. "मग आज नको."

त्यांनी पेला दूर सारला, पट्टीची घडी उचलून माझ्याकडे दिली आणि काकींना म्हणाल्या, "गरम पानी आन जरा. आन् जाताना दार लोटून घे."